खालच्या मजल्याचा भोंगा

३ तारीख, मंगळवार

आज दुपारी भोंगा वाजला. कारण काही नाही. पाणी वर आलेलंच नव्हतं.

दुकानांतले वजनकाटे तपासण्यात माझी सगळी हयात गेली. नोकरीत असताना प्रत्येक बिघडलेल्या काट्याची मी वेगळी नोंद ठेवायचो. तक्रार काय, काय तपासलं, काय निघालं. काटा खोटं बोलत असेल तर तो पहिल्या दिवशी कधीच सापडत नाही. रोज थोडं थोडं लिहीत गेलं की सापडतो. म्हणून आजपासून ही डायरी सुरू केली. ठकी गेल्यापासून दुसरं काही लिहिण्यासारखं घडलेलंही नाही.

आधी भोंगा म्हणजे काय ते लिहून ठेवतो. आमचं घर उतारावर आहे. रस्त्याचं गटार आमच्या खालच्या मजल्यापेक्षा उंच. वरच्या मजल्याचं सांडपाणी आपोआप गटाराला जातं, खालच्याचं जात नाही. ते खालच्या बोळकंडीत एका खड्ड्यात जमतं आणि पंप ते वर ढकलतो. पंपाने दगा दिला आणि खड्डा भरत आला, तर वरच्या अंगाला टांगलेला एक पोकळ गोळा पाण्याबरोबर उचलला जातो आणि भिंतीवरच्या डबीतला भोंगा बोंब मारतो. आवाज असा की मुडदासुद्धा उठून बसावा. हे वाक्य लिहून झाल्यावर वाचलं. खोडत नाही.

खालच्या मजल्यावर एक खोली आणि एक बाथरूम. दोन्ही ठकीची. ठकी म्हणजे आमची मुलगी, एकुलती एक. सात महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेली. चोवीस वर्षांची होती. तेव्हापासून खाली कोणी राहत नाही, म्हणजे खड्ड्यात पाणी यायचं काही कारणच उरलेलं नाही. मग भोंगा वाजतो कशाला?

बायको तेव्हा खालीच होती, साफसफाई करत. मी गुडघे सांभाळत जिना उतरेपर्यंत भोंगा गप्प झालेला. झाकण उचललं. गोळा कोरड्यात लोंबकळतोय, पाणी पार खाली. पंप तेवढा घरघरत होता, तोही थांबला. हिला विचारलं, "पाणी सोडलं होतंस का?" म्हणाली, "बादलीभर. लादी पुसली त्याचं." बादलीभर पाण्याने त्या खड्ड्याचं काय होणार.

निदान: भोंगा बिघडला आहे.

४ तारीख, बुधवार

गोळा साफ केला. त्यावर मेणचट थर बसला होता, तो चमच्याने खरवडला. चमचा स्वयंपाकघरातला होता, त्यावरून बोलणी खाल्ली. मग गोळा हाताने वर उचलला, वाजला. खाली सोडला, थांबला. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दर वेळी शहाण्या मुलासारखा वागला.

वरून हिचा आवाज आला, "अहो, पुरे आता! कान किटले."

दुरुस्त झाला असं धरून चालतो.

६ तारीख, शुक्रवार

वाजला. पुन्हा दुपारीच, मी पेपर तोंडावर घेऊन आडवा झालो होतो तेव्हा. जिन्यावर असतानाच ही खालून म्हणाली, "येऊ नका, काही नाहीये. पाणी नाही आलेलं." तरी गेलो. खरंच नव्हतं. एका अर्थी बरं झालं की ही दोन्ही वेळा खाली होती. बिघाड शोधताना जागेवरचा साक्षीदार मिळणं फार मोठी गोष्ट असते.

हिचे डोळे लाल झाले होते. बंद खोलीत धूळ साचते, आणि फिनाइल ओतताना हिचा हात सैल. म्हटलं, रोज कशाला पुसतेस खालचं, कोण चालतं त्या लादीवर?

गोळ्याकडून डबीकडे जाणाऱ्या तारेला एक सांधा आहे. तिथे ओल धरत असेल. सांधा सोडवून, पुसून, नवी चिकटपट्टी गुंडाळली.

८ तारीख, रविवार

हिच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. हिला द्या म्हणण्याआधी माझ्याशी बोलली. म्हणाली, "तिला इकडे पाठवा थोडे दिवस. आवाज ऐकवत नाही हो तिचा, नुसती हं हं करते."

मी म्हणालो, "पाठवतो की. सध्या भोंग्याचं काम काढलंय."

"मेलं त्या भोंग्याचं काय घेऊन बसलात!"

तिला कसं समजावणार. मी फोन हिला दिला.

९ तारीख, सोमवार

सांधा कोरडा असूनही काल संध्याकाळी वाजला. आज प्लंबरला बोलावलं. चांगला माणूस आहे, पण दर वाक्याला 'काळजीच सोडा साहेब' म्हणतो. ठकीने त्याचं नावच काळजीसोडा ठेवलं होतं. तो दारात आला की ती आतून ओरडायची, "बाबा, काळजी आली!"

काळजीसोडाने गोळा हातात घेऊन कानाशी हलवला, नारळ बघतात तसा. "आत पाणी शिरलंय. नवा टाकतो, काळजीच सोडा." नवा टाकला. मग जाता जाता म्हणाला, "एवढा डोक्याला ताप कशाला पण? सरळ तार काढून टाकू. खाली राहतं कोण? भरला खड्डा तर भरला, फार तर खोलीत दोन बोटं पाणी."

ही त्याच्यापुढे चहाचा कप ठेवत होती. म्हणाली, "काढाच तुम्ही."

मी नाही म्हणालो. बहुतेक मोठ्याने म्हणालो, कारण कप बशीत हिंदकळला आणि काळजीसोडा दोन्ही हात वर करून "राहिलं, राहिलं" म्हणाला. खालच्या खोलीत ठकीची पुस्तकं जमिनीवरच रचलेली आहेत, पलंगाला टेकून. कपाट घेऊन देणार होतो. तिच्या चपलाही दाराशी तशाच आहेत. दोन बोटं पाणी म्हणजे काही कमी नसतं.

११ तारीख, बुधवार

नवा गोळा लावून दोन दिवस झाले नाहीत तोच वाजला. मी धावत गेलो. माझ्या वयाच्या मानाने धावतच म्हणायचं. ही बाथरूमच्या दारात उभी, चेहरा धुतलेला, हातात टॉवेल. म्हणाली, "हा भोंगा काढा, नाहीतर मी ताईकडे जाऊन राहते."

"किती दिवस?"

"दिवस नाही मोजलेले."

"अगं पण पंप बंद पडला तर तिच्या खोलीत पाणी शिरेल."

"मला नाही कळत का ते?"

"मग?"

"मग काही नाही. या घरात मेली घटकाभर बसायला जागा नाही. जरा कुठे बसावं तर तो ठणाणा करतो, की लगेच तुम्ही धाडधाड जिना उतरून हजर."

"तो वाजतो म्हणून मी येतो."

"तेच म्हणतेय मी."

रात्रीच्या जेवणाच्या आत हिने ताईला फोन करून तीस तारखेच्या गाडीचं तिकीट काढायला सांगितलं. परतीचं काढायला सांगितलं नाही. मी ऐकत होतो.

म्हणजे महिनाअखेरपर्यंत मला वेळ आहे. भोंगा काढायचा नाही आणि विनाकारण वाजूही द्यायचा नाही. एवढं जमलं की ही जाणार नाही. हिने जाऊ नये असं मला वाटतं. वाटतं असं लिहिलं खरं, पण आत काही हलत नाही. अडकलेल्या काट्यावर पोतं ठेवलं तरी तो शून्यावरच बसून असतो, तशातली गत. ठकीची आठवण काढून पाहतो. आठवण येते, बाकी काही येत नाही. हे कोणाला सांगता येत नाही. पण ही गेली तर या घरात मी एकटा राहू शकणार नाही, एवढं मात्र स्वच्छ कळतं.

१३ तारीख, शुक्रवार

दुसरा भोंगा आणला. वेगळ्या कंपनीचा, स्वतःचा गोळा, स्वतःची तार, स्वतःची डबी. जुन्याच्या शेजारी, अगदी त्याच उंचीवर लावला. आमच्या खात्यात हा सगळ्यात जुना उपाय. एका काट्यावर संशय असेल तर त्याच्याशी वाद घालत बसायचं नाही. शेजारी दुसरा ठेवायचा आणि तेच पोतं दोन्हींवर टाकायचं.

ही जिन्यात उभी राहून बघत होती. "एक पुरत नव्हता का?" एवढंच म्हणून वर गेली.

१५ तारीख, रविवार

जुना सहकारी आणि त्याची बायको भेटायला आले होते. ठकीच्या वेळी ते गावात नव्हते, भेटायचं राहून गेलं होतं. बसले, इकडचं तिकडचं बोलले. निघताना त्याची बायको म्हणाली, "खरंच किती खंबीर आहात हो तुम्ही दोघं. मला तर येताना धाकधूक होत होती."

सगळे हेच म्हणतात. दवाखान्यातही म्हणाले होते. डॉक्टर बाहेर येऊन बोलले तेव्हा मी हिच्याकडे पाहिलं, हिने माझ्याकडे पाहिलं, आणि दोघंही खुर्च्यांवर सरळ बसून राहिलो. मी मोडलो तर हिला कोण सावरणार, असा माझा हिशोब होता. हिचा काय होता मला माहीत नाही. हिला रडताना मी आजवर पाहिलेलं नाही. खंबीर आहे खरी.

पाहुणे गेल्यावर मी कपबश्या उचलल्या. ही खाली गेली. आज भोंगा वाजला नाही. पाहुण्यांच्या सरबराईत दमल्यामुळे ही लगेच वर आली.

१६ तारीख, सोमवार

दोन्ही भोंगे एकदम वाजले. वर खिडकीची तावदानं थरथरली. शेजारचे गच्चीत येऊन विचारते झाले की आग लागली का.

मी खाली पोचलो तोवर दोन्ही गप्प, पाणी खाली, पंप घरघरतोय. ही बोळकंडीत भिंतीला टेकून उभी. "मेले आता दोन दोन," म्हणाली आणि बाजूने निघून गेली.

मी खड्ड्याच्या कडेला बसून राहिलो. दोन वेगवेगळे काटे एकच वजन दाखवत असतील तर वजन खरं असतं. म्हणजे भोंगा खोटं बोलत नव्हता. पाणी वर येत होतं, आणि मी यायच्या आत उतरत होतं. पहिल्याच पानावर निदान लिहून टाकलं आणि दोन आठवडे त्या बिचाऱ्याला पिडलं. पोत्यात काय आहे ते उघडून पाहिलंच नाही. ही चूक नव्या पोरांनी केली असती तर मी त्यांना सोडलं नसतं.

१९ तारीख, गुरुवार

लाकडी पट्टीवर शाईने आडव्या रेघा मारून ती खड्ड्यात उभी करून ठेवली होती. पाण्याची शाई, ओली झाली की धुऊन जाणारी. काल भोंगे वाजल्यावर पट्टी काढून पाहिली. गोळ्यांच्या उंचीपर्यंत शाई साफ गेलेली, वरच्या रेघा शाबूत. आता शंकाच नको.

काळजीसोडाला फोन केला. म्हणाला, "साहेब, पंपातून वर गेलेलं पाणी उलटं खाली येत असणार. तिथली झडप सडली असेल. उद्या येतो, काळजीच सोडा."

हिला हे सगळं जेवताना सांगितलं. पट्टी दाखवली. हिने पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "तुम्हाला हे सगळं कळतं."

कौतुकाने म्हणाली असं वाटलं. बरं वाटायला हवं होतं.

२० तारीख, शुक्रवार

झडप ठणठणीत निघाली. मग काळजीसोडाने पंपच वर काढला. म्हणाला, याला पूर्वीइतकी ओढ राहिलेली नाही, म्हणून पाणी साठत जातं. तळची जाळी उघडली तर पंख्याभोवती केसांचा गुंता बसलेला, मुठीएवढा. तो त्याने पक्कडीने ओढून काढला आणि लादीवर टाकला. "हे बघा तुमचा चोर."

लांब काळे केस. आमच्या दोघांचे पांढरे आहेत आणि तोकडे.

काळजीसोडाच्याही लक्षात आलं. शिट्टी वाजवत होता ती थांबवली आणि बराच वेळ नुसतंच पाना धुवत बसला. मी गुंता पाण्याने स्वच्छ केला, वर्तमानपत्रात ठेवला, कागद दुमडला. पुडी खिशात ठेवून वर आलो. काही वाटलं नाही. हातांना वास राहिला होता तो दोनदा साबण लावून घालवला.

पंप परत बसवला. पंखा झिजलाय, पण काढेल अजून काही महिने, असं म्हणाला.

२३ तारीख, सोमवार

शनिवार, रविवार, आज. भोंगा नाही. काम फत्ते झालं म्हणायला हरकत नाही. हिला म्हणालो, "आता शांत बसता येईल तुला. तिकीट परत करायला सांग ताईला."

"बघू," म्हणाली. दुपारी खाली गेली ती दोन तासांनी वर आली.

२५ तारीख, बुधवार

वाजले. दोन्ही.

मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. मग गेलो. पट्टीवरची शाई पुन्हा धुतलेली.

पंप साफ आहे, झडप ठीक आहे. राहिलं काय? खड्ड्याला एकच नळी येऊन मिळते, बाथरूमची. पंपाला मागे टाकायचं तर आत पाणीही तसंच धो धो यायला हवं. बेसिनचा नळ पूर्ण सोडून पुरणार नाही. खालचा नळही हवा, वरून शॉवरही हवा. तिन्ही एकदम आणि बराच वेळ. बादलीभराची ही गोष्ट नव्हे.

हिला विचारलं, "तू खाली नळ सोडून ठेवतेस का?"

"धुणं असतं."

"कसलं धुणं?"

"असतं. तिच्या चादरी, पडदे. नुसते ठेवले की वास मारतात."

"तिन्ही नळ लागतात त्याला?"

ही कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुम्हाला काय हवंय नक्की? सापडलं ना? मीच सोडते पाणी. झालं? आता लिहा तुमच्या त्या वहीत."

म्हणून लिहिलं आहे. पाणी हीच सोडते.

२६ तारीख, गुरुवार

खालची दोरी पाहिली. वरची पाहिली. गच्चीतली पाहिली. कुठेच चादरी नाहीत, पडदे नाहीत. आत वाळत घातले असतील म्हणून ठकीच्या खोलीत डोकावलो. पडदे खिडकीला होते, कोरडे, त्यांच्यावर धूळ होती.

हे हिला सांगितलं नाही. का ते मलाही माहीत नाही. नोकरीत कोणाची लबाडी सापडली की मला हुरूप यायचा. आज जिना चढून वर आलो आणि पेपर उघडून बसलो. एक ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो.

२८ तारीख, शनिवार

हिने बॅग भरली. मोठी काढली, लहान चालली असती. उन्हाळ्याचे कपडे घेतले आणि थंडीचेही घेतले. मी विचारलं, "भोंगे काढून टाकू का?" खरंच काढणार होतो. खोलीतली पुस्तकं वर आणून ठेवली की झालं.

म्हणाली, "आता नको. तुमचा जीव आहे त्यांच्यात."

मी म्हणालो, "माझा कशात जीव नाही." हे बोलायला नको होतं. ही बॅगेची चेन लावता लावता थांबली, वाट बघितल्यासारखी. मग हिने चेन लावली.

२९ तारीख, रविवार

आजचं आज लिहून ठेवतो.

सकाळी उशिरा ही ताईसाठी काहीबाही घ्यायला बाजारात गेली. म्हटलं, उद्या ही जाणार. जायच्या आत एकदा नीट करून बघू. तिन्ही नळ सोडले तर भोंगा खरोखर वाजतो का, एवढंच बघायचं होतं. नोंद अर्धवट राहायला नको.

ठकीच्या बाथरूममध्ये मी ती गेल्यापासून पाय ठेवला नव्हता. बाहेरून, बोळकंडीतूनच काय ती खटपट. कोनाड्यात तिची शाम्पूची बाटली होती, अर्धी. आरशाच्या कडेला पिना खोचलेल्या. मधोमध एक प्लास्टिकचं स्टूल होतं. अंघोळीला बसतात तसं नळाकडे तोंड करून नव्हतं, कोपऱ्यातल्या भिंतीला लावलेलं होतं. त्यावर घडी घातलेला हिचा टॉवेल, आणि टॉवेलवर हिचा रुमाल. एवढंच. साबणाची वडी नाही, ब्रश नाही, धुण्याचं काही नाही.

बेसिनचा नळ सोडला. खालचा सोडला. शॉवर सोडला. पाणी बोळकंडीत उडायला लागलं म्हणून दार लावून घेतलं. उभं राहवेना, म्हणून टॉवेल बाजूला करून स्टुलावर बसलो.

आवाज एवढा होता की दुसरं काही ऐकू येईना. रस्ता नाही, पंप नाही. खोकलो, तर माझा खोकला मलाच ऐकू आला नाही. तेव्हा मला कळलं. इथे बसून माणूस काहीही करू शकतं आणि वर पेपर वाचणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. सात महिने ही रोज दुपारी खाली येत होती, आणि भोंगा वाजला की नळ बंद करून, तोंड धुऊन, दारात उभी राहत होती. आणि मी विचारत होतो, पाणी सोडलं होतंस का.

मी ठकीला हाक मारली. तिच्या खऱ्या नावाने मारली, ते मी कधी घेत नसे. ऐकू आली नाही म्हणून मोठ्याने मारली. मग अजून मोठ्याने. मग रडू आलं. डोळ्यांत पाणी वगैरे नाही, पोटातून आलं. दोन्ही हात तोंडावर दाबून पाहिले, पण थांबेना. आणि थांबवायचं कारणही नव्हतं. कोणाला ऐकू जाणार होतं?

भोंगे कधी सुरू झाले मला समजलं नाही. दार उघडलं तेव्हा ते ऐकू आले. ही दारात उभी होती, हातात बाजाराची पिशवी, श्वास लागलेला. फाटकापासून पळत आली असणार. आतून भोंगा वाजतोय म्हणजे आत काय चाललंय, हे या घरात हिच्याइतकं कोणाला ठाऊक?

मी उठायला गेलो. म्हणालो, "तपासत होतो." ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

हिने पिशवी बाहेर ठेवली आणि आत आली. शॉवरखालून आली, भिजली, तिकडे हिचं लक्षही नव्हतं. माझ्यासमोर ओल्या लादीवरच बसली. काहीतरी बोलली. मी मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. मग ही पुढे सरकली आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "नळ बंद करा. मला ऐकू येऊ दे."

मी उठून शॉवर बंद केला. मग बेसिनचा, मग खालचा. भोंगे चालूच होते. पलीकडे पंप पाणी ओढत राहिला, आणि जरा वेळाने दोन्ही भोंगे आपणहून गप्प झाले. मग घरात आमचाच आवाज राहिला.

३० तारीख, सोमवार

ही गेली नाही. ताईला फोन करून इतक्यात येत नाही म्हणाली. ताईने कारण विचारलं असणार, कारण ही म्हणाली, "अगं, यांचं भोंग्याचं काम राहिलंय थोडं."

दुपारी जेवताना ही रडली. वरच्या मजल्यावर, माझ्यासमोर, भात वाढता वाढता. नळ कुठलाच चालू नव्हता. मी ताट बाजूला सारलं आणि उठून हिच्याशेजारी जाऊन बसलो.